काळकाईचं गाणं

चंद्रकला पुण्याच्या एका कॉलेजात संस्कृत आणि पाली शिकवायची. तिची वाडी मुळशीत, माले गावाच्याही पुढे. घर बौद्ध. धर्मांतरानंतर वाडीतल्या बौद्ध कुटुंबांनी देव्हाऱ्यातले टाक धरणाच्या पाण्यात सोडले, तेव्हा ती शाळकरी होती. तोवर तिची आई तुळजाबाई काळकाईच्या जत्रेत देवीची कहाणी गायची आणि वडील डफ वाजवायचे. तो त्यांच्या घराण्याचा मान, असं गाव म्हणे. गायचं मात्र देवळाच्या पायरीखाली बसून, आणि नाही म्हणायची सोय नव्हती. टाक सोडले त्या दिवशी तुळजाबाईनं गाणंही सोडलं.

सत्त्याहत्तर साली चंद्रकलेनं पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता मावळातल्या ग्रामदेवतांच्या कथा. पुराणातल्या देवी आणि गावोगावच्या देवी एकमेकींतून कशा घडत गेल्या, हे ती वर्गात इतकं रंगून सांगे, की घंटा झाल्यावरही मुली उठत नसत. विभागप्रमुखच तिचे मार्गदर्शक होते. ते म्हणाले, "तुमच्या घरात जे आहे, ते बाहेरच्या माणसाला जन्मात मिळायचं नाही. आधी ते मिळवा."

कॉलेजचा टेपरेकॉर्डर घेऊन ती वाडीला गेली. आईनं मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सोडलं ते सोडलं. आता कशाला उकरतीस?"

"मला पुजायचं नाही, आई. अभ्यासाला हवंय."

धाकटा भाऊ किसन दारात कोयत्याला धार लावत होता. तो म्हणाला, "अभ्यासाला का हुईना, गाणं तेच न्हवं?"

ती जात राहिली. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी किसन कापणीला गेलेला असताना तुळजाबाई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "लाव तुजं ते." मग तिनं सगळी कहाणी गायली. घाट चढून आलेली तहानलेली देवी, गावानं मिटलेली दारं, वेशीबाहेरच्या बाईनं ओंजळीत दिलेलं पाणी. वीस वर्षांनी तोंड उघडलं होतं, तरी एक ओळ अडली नाही. संपल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि चुलीपाशी जाऊन बसली.

पुढच्या वर्षी एका परिसंवादात विभागप्रमुखांनी विभागाच्या कपाटात ठेवलेली ती टेप ऐकवली. चंद्रकलेला विचारलं नव्हतं. त्यांनी तुळजाबाईचं नाव सांगितलं, वाडी सांगितली, जुनी जातही सांगितली. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. जातीचं नाव कानाला खटकलं, पण आईसाठी वाजलेल्या टाळ्या ऐकून चंद्रकलेला बरंही वाटलं. वर्तमानपत्रात बातमी आली.

बातमी पौडमार्गे वाडीत पोचली. चैत्रात, जत्रेच्या तोंडावर, गावचे हैबतराव पाटील दोन माणसं घेऊन दारात उभे राहिले.

"तुळजे, आमाला म्हनलीस गानं इसरले. आन् पुन्यात गातीस व्हय? औंदा जत्रंला यायचं. किसन्या डफ धरंल."

"ते काम आमी सोडलंय, पाटील," किसन म्हणाला.

"पुनेकरांसाटी न्हाई सोडलं वाटतं."

किसननं डफ धरला नाही. दुसऱ्या दिवसापासून बौद्ध कुटुंबांची शेतावरची कामं बंद झाली. गिरणीत दळण घेईनात. बांधावरची वाट काटे टाकून अडवली. किसनची बायको चांगुणा पोटुशी होती. तिला जात्यावर बसावं लागलं.

चंद्रकला धावत आली आणि तालुक्याला तक्रार द्यायला निघाली. किसननं तिचा हात धरला. "तू जाशील पुन्याला. हितं आमाला ऱ्हायाचंय."

मग ती विभागप्रमुखांकडे गेली. गाणं केवळ अभ्यासासाठी घेतलं होतं, एवढं त्यांनी गावाला येऊन सांगावं, अशी विनवणी केली. ते म्हणाले, "बाई, गावच्या भांडणात कॉलेजला ओढू नका."

जत्रेच्या दिवशी तुळजाबाई कुणाला न सांगता उठली, लुगडं बदललं आणि देवळाकडे चालू लागली. चंद्रकला तेव्हा पुण्यात वर्गात होती. पुढचं तिला चांगुणानं सांगितलं.

"पायरीखाली उन्हात बसवलं. एकदा गायल्या तर म्हनले, आवाज न्हाई आला, परत गा. पानीबी मागितलं न्हाई आत्यांनी."

काटे निघाले, कामं सुरू झाली. चंद्रकला आईसमोर बसून रडली. आई एवढंच म्हणाली, "पोरीच्या पोटात पोर हाय, चंद्रे. लई दिस न्हाई काढता येत असं." त्यानंतर ती फारशी बोललीच नाही. पाऊस सरता सरता गेली. मातीला आलेल्या चंद्रकलेला किसन म्हणाला, "आता हितं येत जाऊ नगंस."

प्रबंध तिनं अर्ध्यावरच टाकला. पुराणकथांसकट सगळं संस्कृत दुसऱ्याला दिलं आणि फक्त पाली ठेवलं. तेही शिकायला मुलं येईनाशी झाली. कधी तिघं, कधी एकटी मुलगी. ती एकीपुढेही पूर्ण तास शिकवायची, पण विषयाबाहेर एक शब्द बोलायची नाही. स्टाफरूममध्ये तिला लोक घुमी म्हणत.

शहाऐंशी साली विभागप्रमुख निवृत्त झाले. विभागाच्या कपाटाची किल्ली चंद्रकलेकडे आली. आत ती टेप होती. ती घरी आणली, पण लावायचा धीर झाला नाही. त्याच हिवाळ्यात किसन डोळे दाखवायला पुण्याला आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या दारात उभा राहिला. जेवणं झाल्यावर तिनं त्याला टेपचं सांगितलं.

"आईचा आवाज हाय त्यात?"

"आहे."

किसननं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "लाव."

आधी खरखर आली, मग आईचं खोकणं, कोंबडीला हाकलणं. किसन मशीनकडे सरकून बसला. तिच्या एकेका शब्दाला त्याची मान हलत होती. मग गाणं सुरू झालं. पहिल्याच ओळीला तो उठला, चपला शोधू लागला. अधू डोळ्यांना त्या लवकर सापडेनात. चंद्रकलेनं मशीन बंद केलं आणि चपला त्याच्या पायांपुढे सरकवल्या.

"एष्टी चुकंल," असं म्हणून तो जिना उतरला. एसटीला अजून बराच अवकाश होता.