भट्टीखालच्या अंगणातलं लग्न

अ‍ॅरिझोनातल्या त्या तांब्याच्या गावात मी ज्यांच्या घरी भाड्याने राहायचे, त्या आजींनी सत्तरीत लग्न करायचं ठरवलं. नवरदेव आमच्याच कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेले. लग्न कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "मागच्या अंगणात."

उघड्यावर, आणि तेही या गावात! गावाच्या डोक्यावरच तांबं वितळवायची भट्टी. वितळलेला रस ओतताना गंधकाचा वायू निसटायचा. वारा गावाकडे वळला की घसा खवखवायचा, डोळे चुरचुरायचे. त्यामुळे तिथले सगळे समारंभ चर्चच्या हॉलमध्ये, खिडक्या लावून व्हायचे. हा वायू अडवायला भट्ट्यांवर नवी मोठी झाकणं बसवली होती. पंख्यांनी तो ओढून शेजारच्या प्लांटमध्ये न्यायचा आणि तिथे त्याचं अ‍ॅसिड करायचं. पंख्यांचं कंट्रोल माझ्याकडे होतं, आणि टेस्टिंगमध्ये ते हमखास उशिरा वेग घ्यायचे.

"हॉल बुक करून ठेवा ना," मी सुचवलं.

"का गं? तुझ्या कामावर तुझाच भरवसा नाही?"

मी तडक कामाला लागले. आम्ही पंख्यांचा प्रोग्राम बदलला. आता रसाचं भांडं कलायच्या आधीच पंखे जोरात फिरू लागले. तरी माझी धाकधूक जाईना. नागपूरहून आलेली आई बेसन भाजता भाजता हसली. "लग्नाचा मुहूर्त भट्टीला विचारून काढतात का कुठे?"

लग्नाच्या दुपारी नवरदेव शपथ घेत होते आणि वारा फिरला. कागदी प्लेट्स उडाल्या. जुनी सवय, पाहुण्यांचे हात रुमालाकडे गेले. पाद्री थांबले. मी नाकाने जोरात श्वास घेतला. शेगडीवरच्या मांसाचा खमंग वास, बस्स. भट्टी बंद तर नाही ना पडली? मी कंट्रोल रूमला मेसेज केला, 'ओतणं थांबवलंय का?'

उत्तर आलं, 'नाही. आत्ताच ओतलं. का, वास आला?'

"आत्ताच ओतलंय!" मी भान विसरून ओरडले.

कारखान्यात जन्म घालवलेली ती माणसं. त्यांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. कुणी टोपी उडवली, कुणी शिट्टी मारली. नवरदेव वर भट्टीच्या धुराड्यांकडे बघत राहिले. शेवटी नवरीने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "धूर नंतर बघा. आधी 'हो' म्हणा."

'हो' झालं, लाडू वाटले गेले, गिटार सुरू झाली. आईला इंग्रजी जेमतेम. तिने सरळ नवरीचे दोन्ही हात पकडले, पाय जुळवले आणि म्हणाली, "नवरीबाई, मागे झुका, मी धरलंय." आणि दोघी फुगडी घालू लागल्या. आजींचा पांढरा झगा फुलला, चपला कुठच्या कुठे गेल्या. दम लागल्यावर त्या तोंड उघडून मोठमोठे श्वास घेत हसत होत्या, आणि नवरदेव बाजूला उभे राहून विचारत होते, "माझा नंबर कधी?"