नहराच्या पाळीवरची म्हातारी

सानगडीच्या तलावातून निघालेल्या नहराच्या पाळीवरून, म्हणजे कालव्याच्या बांधावरून, मी रोज सकाळी चालतो. वाट सपाट, सावलीची. यंदा एका शेतकऱ्याने धान राखायला ती बाभळीच्या फांद्यांनी अडवली. ‘वाट सर्वांची, कुंपण हटवा’ असं पत्रक मी लगेच लिहून काढलं.

आजारी बहिणीसाठी डबा घेऊन एक म्हातारी त्याच वाटेने पुढच्या वस्तीत जायची. सडकेचा फेरा तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हता. ती काठीने फांद्या सारायची, पलीकडे जायची, डबा खाली ठेवायची आणि एकेक फांदी ओढून परत जागेवर लावायची.

मी हातातलं पत्रक नाचवत चिडून विचारलं, “आजी, परत कायले लावता?”

“ढोरं घुसतीन ना, बापू. वाट माही हाये, धान त्याचं हाये.”

इतका न्याय एका ओळीत मी कुठल्याच पत्रकात वाचला नव्हता. जुनी मागणी खोडून मी ‘माणसापुरती फट ठेवा’ असं लिहिलं आणि छापण्याआधी ते त्या शेतकऱ्यालाच वाचून दाखवलं. त्याने मधल्या फांद्या काढून दोन खुंट रोवले. आता माणूस अंग तिरकं करून जातो, ढोर अडतं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी त्यातून सहज निघून गेली. मागून मी अडकत अडकत गेलो.

“आणखी जाडा झाला तं पुन्हा पत्रक काढजो,” ती म्हणाली आणि डबा सावरत पुढे चालू लागली.