लाकडी खोंडाची शिंगं साळली!

मंडळी, डोकं लई तापलंय, म्हणून लिहितोय.

निजामाच्या राज्यात माझ्या पणजोबानं आजोबासाठी लिंबाच्या लाकडाचा खोंड कोरलता. दात यायला लागले की आमच्या घरात लेकराच्या हातात तोच देतेत. आजोबानं त्याची शिंगं चावली, मग बापानं, मग मी, मग माझ्या लेकरांनी. सगळ्यांचे दात उमटलेले व्हते त्यावर.

चुलतभाऊ ज्ञानोबानं बैल इकून ट्रॅक्टर घेतला. पोळ्याला पुजायला दावणीला बैलच न्हाई, म्हणून खोंड मागून नेला. आज परत आणला तर शिंगं गुळगुळीत, अंगभर लालभडक ऑइलपेंट!

"हे काय केलंस बे?"

"दादा, शिंगं पार कुरतडलेली व्हती. पोळ्याला शिंगं साळतेतच की. पॉलिश पेपर मारला."

अरे, जित्या बैलाची शिंगं वाढतेत, म्हणून साळतेत! ह्याची वाढणार हायत का?

तेवढ्यात माझी नात रांगत आली. तिला दात यायलेत. सवयीनं शिंग तोंडात घालणार, तर मलाच खोंड हिसकावून घ्यावा लागला. पोरगी अजून रडायलीय.

आता तुमीच सांगा, तिच्या दातांची खूण कुठं उमटू देऊ?