मागं चालणारे अण्णा

आमचे अण्णा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, कधी कुणाच्या पुढे चालले नाहीत. लग्नाला जायचं असो की आठवडी बाजाराला, सगळे निघाले की शेवटी अण्णा, खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी. देवगाव रंगारीच्या शिवारात निम्मी हयात मेंढरांमागे गेलेली. पुढे मेंढरं विकून शेतीला लागले, पण चाल तीच राहिली. काकू म्हणायची, "लगीन झाल्यापासनं मला बी हाकीतच आणलंय यांनी." अण्णांना त्यात काही तक्रार आहे असं वाटत नसे.

दरवर्षी माघ सरताना, ऊन तापायच्या आत, आम्ही शहरातली मंडळी त्यांना बोलावून घेऊन भांगसीमातेच्या गडावर जायचो. चढण थोडकीच, पण वडिलांचा थाट मोहिमेवर निघाल्याचा. ते सर्वांत पुढे, मधे धपाट्यांचं गाठोडं घेतलेली आई आणि आम्ही भावंडं, मागे अण्णा. दर वळणावर वडील ओरडत, "अण्णा, हाय का?" खालून उत्तर येई, "हाय, हाय! व्हा म्होरं!" मग कुणी मागे वळून बघत नसे.

लहानपणी एकदा मी मुद्दाम खडकाआड लपलो. अण्णा तिथवर आले, "एक कमी हाय" म्हणाले आणि वाटेतच फतकल मारून बसले. हाक नाही, शोधाशोध नाही. शेवटी कंटाळून मीच बाहेर आलो.

"मोजलं व्हय आम्हाला?"

"मोजायचं कशाला? एक नसलं की कळप निराळाच चालतो."

त्यांनी मला मेंढरांत धरलं याचा मला दिवसभर राग होता.

मी कॉलेजात असतानाची गडाची फेरी त्यांची शेवटची ठरली. त्या दिवशी वारं होतं. वडिलांच्या हाकेला खालून "हाय, हाय" येत होतं, जरा बारीक येत होतं, आम्ही ते वाऱ्यावर ढकललं. वर देवीचं दर्शन झालं, सतरंजी पसरली, धपाटी वाटली. एक वाटा उरला तेव्हा आईने विचारलं, "अण्णा कुठं राहिले?"

मी पळत खाली आलो. अण्णा दुसऱ्याच वळणावर एका दगडाला टेकून बसले होते. गार वाऱ्यातही सदरा घामाने चिंब. छातीवर हात. इथूनच ते सगळ्या हाकांना ओ देत होते.

"सांगायचं ना अण्णा!"

"सांगितलं असतं तर समदेच थांबले असते. लेकरांचं वर जायचं राह्यलं असतं."

मला स्वतःची लाज वाटली. एक नव्हता, आणि आमचा कळप होता तसाच चालत राहिला होता.

दम बसल्यावर मी म्हणालो, "चला खाली. तुम्ही म्होरं व्हा, मी मागं हाय." त्यांना ते पटेना. काठी आपटत थोडा वेळ उभेच राहिले. मग निघाले, आणि दर चार पावलांवर मान वळवून विचारू लागले, "हाईस का?"

"हाय, अण्णा."

पुढच्या हिवाळ्याआधीच ते गेले. मला त्यांचा चेहरा आठवतो, पण त्याहून जास्त आठवते त्या उतारावर दिसलेली त्यांची पाठ. घोंगडीखाली ती इतकी लहान असेल, असं कधी वाटलंच नव्हतं. तोवर ती आमच्यापैकी कुणी पाहिलीच नव्हती.