समोर झालेली सही

ढवळे सर चेंडू आधी हुंगायचे. मग अंगठ्याने शिवण दाबायचे, मग खिडकीशी जाऊन त्यावरची सही उन्हात धरायचे, आणि तोवर चेंडू आणणारा माणूस तोंडी परीक्षेला आल्यासारखा ताटकळत उभा. तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या शाळेत ते पीटीचे शिक्षक. स्टाफरूममधलं एकुलतं एक कपाट त्यांनी क्रिकेट खेळणाऱ्यांच्या सह्या असलेल्या चेंडूंनी बळकावलं होतं. प्रत्येक चेंडूखाली जुन्या धोतराची चुंबळ. माझे नकाशे मात्र माठाशेजारी ओल धरत पडलेले. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, हे चेंडू पुजायचे, आणि वर झेंडूची फुलं माझ्याकडे मागायचे.

दुसऱ्यांच्या चेंडूंची पारख ते करून देत, पण स्वतःच्या कपाटाचा नियम कडक. "सही माझ्यासमोर झाली पायजे, बाई. मागारी झालेली सही म्हंजी नुसती शाई."

माझा पाचवीचा वर्ग तेव्हा व्हरांड्यात भरायचा. फळ्यावर ऊन आलं की पोरांना अक्षर दिसायचं नाही. गावातल्या एका पतसंस्थेचे चेअरमन खोली बांधून द्यायला तयार झाले होते. स्नेहसंमेलनात ते तशी घोषणा करणार आणि सोबत शाळेला एक चेंडूही भेट देणार होते. एका मोठ्या गोलंदाजाने ज्या चेंडूवर सामना जिंकून दिला तोच हा, सहीसकट, असं त्यांचं म्हणणं. आदल्या दिवशी मी सरांपुढे हात जोडले.

"सर, उद्या चेंडू हुंगू नका. नुसत्या टाळ्या वाजवा."

"बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी चेंडू सरांच्या हातात दिला आणि माइकवरच विचारलं, "काय सर, खरा हाय न्हवं?" झालं! सरांनी हुंगला. शिवण दाबली.

"चेअरमनसाहेब, तुमाला कुणीतरी फसवलं बघा. ह्यानं अजून एक टप्पाबी खाल्ल्याला न्हाई."

पोरं फिसकन हसली. चेअरमन लालबुंद होऊन निघून गेले आणि खोलीही त्यांच्याबरोबर गेली. खरं सांगते, इतका राग मला कधी नवऱ्याचाही आला नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी एक कोरा चेंडू आणला. माझ्या वर्गातल्या एकेका पोराला समोर बसवून त्याची सही घेतली. मग पेन माझ्यापुढे धरलं. "तुमची जागा ठिवलीया, बाई."

"आधी वर्ग आणा, मग सही," मी फटकारलं.

या माणसाने ते मनावर घेतलं! खुटबावला आपल्या गावी राहायला गेले, तरी दर आठवडेबाजाराला जीप बदलत येऊन हजर. कोथिंबिरीच्या पिशवीतून चेंडू काढायचे. "बाई, आज?"

"खोली झाली का?"

"शिरूरला पंचायत समितीत जाऊन आलो. सायेब मिटिंगला गेल्यात."

चेंडू परत पिशवीत. असं कितीतरी वर्षं. शेवटी साहेबच कंटाळले असावेत. खोली मंजूर झाली, बांधूनही झाली.

नव्या खोलीत फळा बसला त्या दिवशी मी घरून चांगलं पेन घेऊन गेले आणि बाजाराचा दिवस म्हणून फाटकाकडे बघत बसले. आला तो त्यांचा मुलगा, डोक्याचे केस काढलेला.

"आप्पा गेले, बाई. हा बॉल तेवढा तुमाला द्यायला सांगितलं व्हतं."

चेंडू चुंबळीसकट माझ्या हातात. पोरांच्या वेड्यावाकड्या सह्या, शाई फिकट झालेली, आणि त्यांच्या मधोमध अंगठ्याएवढी कोरी जागा. पेन उघडलं. पण सही करू कुणासमोर? सर, तुमच्याच नियमाने ती आता नुसती शाई झाली असती. जातानाही मला अडकवून गेलात, असं मी भरल्या वर्गात मोठ्याने म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.

ती जागा अजून कोरीच आहे.