चार बोटं उघडी खिडकी

आमच्या बाबांना बाहेरचं अन्न चालत नसे आणि वकिलीसाठी तर गावोगाव हिंडावं लागे. दुसऱ्या कुणी डबा नेला असता. बाबांनी गाडी घेतली. महायुद्धानंतर लिलावात निघालेली, मोठ्या पेटाऱ्यासारखी लष्करी गाडी. सुताराकडून तिच्यात झोपायला दोन बाकं, स्वयंपाकाला ओटा आणि दोन्ही बाजूंना सरकत्या काचांच्या खिडक्या करून घेतल्या. पक्षकाराच्या गावी जायचं, झाडाखाली गाडी लावायची आणि आईनं सोवळ्यात वरणभात टाकायचा. अकोल्यात आमच्या जठारपेठेतले लोक म्हणत, वकीलसाहेबांचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आई हसत नसे. पाठ तिचीच होती.

खिडक्यांची देखभाल माझ्याकडे होती. खालच्या खाचेत बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची पट्टी आणि पट्टीत काच. आमच्याकडची धूळ त्या खाचेत जाऊन बसली की काच अडायची. मग केसांच्या आकड्यानं खाच कोरायची, फडक्यानं पुसायची आणि कॅरमवर टाकतात ते शंखजिरं भुरभुरायचं. तेल कधीच नाही, तेल धूळ धरून ठेवतं. हे बाबांनी मला शिकवलं होतं, आईला नाही. आईच्या लेखी कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला, दारापासून गुडघ्यापर्यंत, तिळाचं तेल हेच औषध होतं. बाबा आपल्या बाकाजवळची काच नेहमी चार बोटं उघडी ठेवत. तेवढ्यातून हवा येते आणि धूळ येत नाही, असा त्यांचा दावा. धूळ यायचीच.

मी शाळेत गणित शिकवायला लागले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोघं पातूरला गेली. मी अकोल्यातच होते. सकाळी बाबांची काच कुरकुरली म्हणून आईनं खाचेत पळीभर तेल ओतलं आणि ते मुरावं म्हणून काच लावून ठेवली. दुपारी जेवून दोघं समोरासमोरच्या बाकांवर आडवी झाली. आई उठली तेव्हा बाबा गेलेले होते. हात छातीवर, तोंड खिडकीकडे, आणि काच बंद. आईनं ती दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही.

एका पक्षकारानं गाडी आणून आमच्या आवारात कडुनिंबाखाली लावली, चाकं काढून विटांवर चढवली. तेरावं झालं आणि आई रोज दुपारी त्या खिडकीशी जाऊन बसायला लागली. जेवण जवळजवळ सुटलं.

"त्यायले हवा पायजे होती," ती म्हणे, "अन् मीनं खिडकीच बसवून टाकली."

डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं होतं, ते तिच्या डोक्यात शिरलंच नाही. पुढं पुढं म्हणू लागली, "आजून ओढून राह्यले ते. आइक."

मी चिडले. आणि ऐकलं. झाडाचं पानही हलत नव्हतं, बाकी सगळ्या काचा गप्प होत्या, आणि त्या एकाच खाचेत बारीक खरखर चालली होती. मी भुताखेतांना मानत नाही, तेव्हाही मानत नव्हते; पण अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? उंदीर असेल, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी पेचकस घेऊन गेले. आईच्या मनगटाची हाडं वर आली होती. अशानं ही पण जाणार, याची मला बाबांच्या आठवणीपेक्षा जास्त भीती वाटत होती. स्क्रू काढून काच उचलली. तेलानं बनात फुगून तिनं काच धरून ठेवली होती. खाचेत तेलाचा आणि धुळीचा काळा लगदा वाळला होता. त्या लगद्यात काच सरकल्याची स्वच्छ वाट होती, आणि वाट संपत होती तिथं लगदा सारला जाऊन ढीग झाला होता. मी बोटं टेकवून पाहिली. चार.

"आई, उघडली होती! त्या दुपारी बाबानं काच उघडली होती. हवा भेटली त्यायले!"

आई वाकली. आपली बोटं त्या वाटेत ठेवली. मग हळूच म्हणाली, "मंग लावली कोनं?"

गाडीत दोघंच होती आणि त्यातली एक झोपलेली.

"वावटळ आली होती," आई म्हणाली. "मी उठली तं त्यायच्या उशीवर धूळ होती. माह्या आंगावर कन नव्हता." आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. "माह्यावर धूळ पडू नये म्हून लावली वं त्यायनं. जाता जाता लावली."

त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. मी खाच कोरून काढली, नवी बनात घातली, शंखजिरं टाकलं. काच एका बोटानं सरकू लागली. तेव्हापासून आई बाबांची काच चार बोटं उघडी ठेवून समोरच्या बाकावर दुपारची झोपे. वारा सुटला की मी तिला उठवायला जाई. आई गाढ झोपेत असे आणि काच लावलेली असे. शंखजिऱ्यात सरकल्याची ताजी वाट.

"तूच लावते ना?" मी एकदा रागानंच विचारलं.

"मी कावून लावू? मले हवा लागते."

आई गेली त्या वर्षी उन्हाळ्यात मी एका दुपारी तिच्या बाकावर पडून पाहिलं. काच चार बोटं उघडी ठेवली. डोळा लागला आणि वावटळ आली. जाग आली तेव्हा केसांत, डोळ्यांत, दातांखाली धूळ होती. मला फार रडू आलं. काच मी ठेवली होती तिथंच होती.