पाताळकोटची उतरण आणि जर्मनचे गंज

नागपूरच्या इतवारी स्टेशनावर छिंदवाड्याची छोटी गाडी लागली होती. आम्ही सहा जण फलाटावर पाठपिशव्या मांडून उभे होतो आणि आमचे म्होरके माधवराव एकेक पिशवी उचलून पाहत होते. त्यांचा नियम साधा होता. सामायिक सामानातला आपला वाटा ज्याने त्याने वाहायचा. ज्याला जमणार नाही त्याने पुढच्या सहलीला नाव द्यायचे नाही.

हा नियम कुणाला नडणार हे सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या थोरल्या नणंदेला, नरखेडच्या कुसुमताईंना, कमरेचे दुखणे होते. डॉक्टरांनी भरली घागर उचलायला मनाई केलेली. पण पाताळकोटच्या दरीत उतरायचेच, आणि पुढेही दरवर्षी यायचे, हे त्यांनी ठरवून टाकले होते. त्यांना नेण्याचे मीही ठरवले, आणि सारा जोर भांड्यांवर लावला. शिध्यात आणि कपड्यांत फार काटछाट होत नाही, भांड्यांत होते.

सदरला एका दुकानात मी परदेशी संच पाहिला होता. एकात एक बसणारी भांडी, दुमडणाऱ्या मुठी. किंमत ऐकून तो खाली ठेवला, पण त्याची रचना डोक्यात ठेवली आणि इतवारीत तीच स्वस्तात जमवली. जर्मनचे (अॅल्युमिनियमचे) तीन गंज (पातेली), एकाच्या पोटात दुसरा बसेल असे. झाकणे म्हणून खोलगट ताटल्या, जेवायलाही त्याच. मुठींऐवजी सगळ्यांत मिळून एक सांडशी. पितळ नाही, स्टोव्ह नाही, तवासुद्धा नाही.

“तव्याबिगर पोळ्या कशावर करसान, बाई?” दुकानदाराने विचारले.

“पोळ्या नाहीच करायच्या. पळसाच्या पानात पानगे करू.”

“मंग गंज तरी कायले नेता? पानातच वरणबी शिजवा.”

गाडी संथपणे सौसरकडे निघाली. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने आमच्या पिशव्यांतून खणखण ऐकली. “डोंगरात रांधाले चालल्या? काहून, घरी चूल नाही का?”

“हाये न,” कुसुमताई म्हणाल्या. “तिले सुट्टी देली.”

छिंदवाड्याहून बसने तामिया आणि तिथून पुढे पायी. कड्यावरून पाहिले तर दरीतले जंगल गवतासारखे दिसत होते. तासाभराने तेच गवत डोक्यावर साग, हिरडा आणि मोह होऊन उभे राहिले. पायवाट खडीची, घसरती. कुसुमताई काठी टेकत सगळ्यांच्या बरोबरीने उतरल्या. खाली ओढ्याकाठी तिथल्या एका भारिया आदिवासी बाईने तिच्या खळ्याजवळची जागा दाखवली. “लकड़ी उधर से लेना, बाई,” एवढे सांगून ती शेळ्या हाकायला गेली.

गंजांच्या बुडांना मी बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला. असे केले की काजळी मातीबरोबर निघते, पिशवी काळी होत नाही. पण नंतर सवयीने रिकामाच गंज चुलीवर ठेवून फोडणी टाकली. पातळ पत्र्यावर मोहरीचा क्षणात कोळसा झाला. गंज धुतला, आधी डाळ शिजवली आणि लोखंडी पळीत फोडणी करून वरून ओतली. पातळ भांड्याला हाच क्रम ठेवावा.

कुसुमताईंनी निखाऱ्यांवर पानगे लावले. पळसाच्या दोन पानांमध्ये थापलेली कणीक, वरून पुन्हा निखारे. ते उलटता उलटता त्या मला म्हणाल्या, “सुधा, हे काय वं? साऱ्यांच्या पिशव्यांतून गंज निघाले, पीठ निघालं, डाळ निघाली. माह्या पिशवीतून नुसते चमचे?”

“ताई, डॉक्टरांनी…”

“डॉक्टर घागर नको म्हणला. गंज नको म्हणला काय? मले चमच्याची राखण कराले आणलं?”

माधवरावांनी ऐकले. त्यांनी चमच्यांकडे पाहिले, आणि नियमाप्रमाणे पुढच्या सहलीला ताईंचे नाव लागणार नाही हे मला कळले.

सकाळी गंज घासून होताच कुसुमताईंनी तिन्ही उचलले. एकात एक बसवले, मधल्या जागांत उरलेल्या डाळीच्या आणि मिठाच्या पुरचुंड्या कोंबल्या, वर धोतराचा तुकडा गुंडाळला आणि गठ्ठा पाठीला अगदी लागून राहील असा पिशवीत घातला. कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी आवळली. मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातात चमचे दिले.

चढ उन्हात आला. त्या थांबत, पुन्हा निघत. मी मागे होते. शेवटच्या वळणावर त्या दगडावर बसल्या. चेहरा लाल झालेला. माधवराव वरून खाली आले.

“आणा इकडे, ताई. वरचे कोणी पाहत नाही.”

“मी तर पाहून राहिली न, गा.”

माधवराव तसेच परत वर गेले. थोड्या वेळाने कुसुमताई उठल्या आणि काठी टेकत कड्यावर आल्या. पिशवी पाठीवर होती. माधवरावांनी ती उतरवून घेतली, हातात जोखून पाहिली आणि जपून खाली ठेवली. “मग पुढल्या साली पचमढी,” ते म्हणाले.

अशा सहलीसाठी भांडी जरूर हलकी घ्यावीत, एकात एक बसणारी घ्यावीत, महाग तर मुळीच घेऊ नयेत. एवढे मी नागपूरहून निघतानाही सांगितले असते. ती कोणी उचलायची हे मात्र उचलणाऱ्यालाच विचारावे.

नागपूरला उतरल्यावर मी गंज माळ्यावर ठेवायला मागितले. कुसुमताईंनी पिशवी उघडलीच नाही. नरखेडच्या एसटीत चढता चढता म्हणाल्या, “हे माह्या वाट्याचे हायेत. पचमढीले मीच आणीन.”